पाचाला पाच

बोगदा कोसळल्याचा तिसरा दिवस होता. बाहेर पाण्याच्या नळावर रांगेत उभ्या असलेल्या नर्सला पुढच्या सासऱ्या-सुनेचं बोलणं ऐकू येत होतं.

"मामंजी, आतून यांचं उत्तर आलं! पाइपवर ठोकलं आणि लगेच ठकठक."

"कान लावून ऐकलंस?"

"अगदी स्पष्ट. मातीतून हाक जात नाही, पण लोखंडातून ठोका जातो, तुम्हीच म्हणता ना?"

"किती ठोके दिलेस?"

"पाच."

"आले किती?"

"पाचच्या पाच! मग तीन दिले, तर तीनच आले. कसे मोजून देतायत बघा."

"एक जास्त नाही?"

"जास्त कशाला?"

"उत्तर देताना आम्ही बोगद्यातले कामगार एक ठोका वाढवून देतो. मीच शिकवलंय माझ्या पोराला. नाहीतर आपलाच आवाज फिरून येतो, पोरी."

"विसरले असतील."

"असेल."

"त्यांचीही बाटली भरून घेऊ?"

"घे."