डावखुरा राजा

आपल्या गजाननाचं लगन काऊन लांबलं, मायीत हाय काय? साखरखेर्ड्याले तंबूत राजामहाराजाचा शिनिमा आला होता. होणारा सासरा पडद्यासमोर खुर्चीवर बसला. गजानन स्वस्तात पडद्यामागं बसला, तिथून चित्र आरशावाणी उलटं दिसे.

बाहेर आल्यावर गजानन म्हणे, "मामाजी, खुनाच्या शिनिमात काहीबी चालते, पण ऐतिहासिकात राजा डावखुरा?"

सासरा भडकला. "उजव्या हातानं लढला तो! आंधळ्याले पोरगी देत नाही!"

मी म्हटलं, "भांडता काऊन? उद्या जागा बदलून पाहा."

दोघायनं तसंच केलं.

गजानन हात जोडून म्हणे, "मामाजी, चुकलो. राजा उजवाच हाय."

"मले खूश कराले खोटं बोलतं बे? डावखुराच हाय तो! खोटारड्याले तर पोरगी मुळीच देत नाही!"