हंड्यातलं सूप आणि नोव्हेंबरचा शनिवार

आजच्या सोहळ्याच्या अध्यक्ष आणि टॅलमन विद्यापीठाच्या कुलगुरू डॉ. एलेन व्हिटकॉम, उत्सवमूर्ती, आपले मावळते क्रीडा संचालक श्री. ब्रँडन लॅथ्रॉप, टीव्ही कंपनीकडून खास विमानाने आलेले प्रमुख पाहुणे श्री. कर्क डेव्हनी, व्यासपीठावरचे मान्यवर, समोर बसलेले गावकरी, आणि सकाळपासून स्वयंपाकघरात राबून आता दारातून ऐकणाऱ्या भगिनींनो,

मी लव्हॉन टेस्की. धंद्याने गुराढोरांची डॉक्टर आणि आपल्या फुटबॉल समर्थक मंडळाची अध्यक्ष. भरल्या पोटी कुणाला भाषण ऐकवू नये, हे मला माझ्या धंद्यातून चांगलं ठाऊक आहे. पण लॅथ्रॉपसाहेबांबद्दल चार चांगले शब्द बोला असा आग्रह झाला, आणि चार शब्द शोधायला मला आठवडा लागला. हसू नका, कौतुकच करते आहे.

साहेब इथे आले तेव्हा आपण कोण होतो? शेजारपाजारच्या आठ कॉलेजांच्या गटात शंभर वर्षं खेळणारे गावंढळ. बसने जायचं, खेळायचं आणि रात्री आपल्या अंथरुणात झोपायचं. साहेबांनी आपल्याला जग दाखवलं. आज आपण ‘ग्रँड अटलांटिक’ गटात आहोत. आपल्या गावापासून समुद्र हजार मैलांवर आहे, पण म्हणून काय झालं? टॅलमनमध्येही पाणी आहेच. नदी आहे, गाईंची टाकी आहे.

आता आपली व्हॉलीबॉलच्या पोरींची टीम मंगळवारी सामन्याला निघते ती गुरुवारी परत येते, आणि अभ्यास विमानतळाच्या फरशीवर करते. फुटबॉलचा सामना कधी सुरू होणार हे आपल्याला जेमतेम बारा दिवस आधी कळतं, आणि ते डेव्हनीसाहेब कळवतात. खेळ रंगात आला की त्यांचा लाल हातमोजेवाला माणूस खेळ थांबवायला मैदानात येऊन उभा राहतो, आणि तो बाजूला होईपर्यंत बावीस धट्टीकट्टी पोरं थंडीत उड्या मारत थांबतात. घरी बसलेल्यांना तेवढ्यात ट्रकची जाहिरात बघायला मिळते. त्या ट्रकमधून आपण मैदानावर आलेलो असतो, ही गोष्ट वेगळी!

पैसा आला, हे कबूल करायलाच हवं. कुठे गेला म्हणता? मैदानावर चर्चपेक्षा मोठा गुणफलक आला. मागच्या कोचना काढलं, त्यांना घरी बसण्याचा पगार चालू आहे. त्यांच्या आधीच्या कोचनाही चालू आहे. दोघे मिळून मासे धरायला जातात म्हणे. आणि बँडच्या पोरांना नवे गणवेश मात्र पुढच्या वर्षी. दरवर्षी पुढच्या वर्षी.

एक किरकोळ गोष्ट तेवढी राहिली. ब्रूअर.

पूल ओलांडला की ब्रूअर कॉलेज. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आपला त्यांच्याशी सामना. माझी धाकटी बहीण मार्लिस त्या गावात दिली आहे. वर्षभर आम्ही दोघी एकमेकींच्या घरी ये-जा करायचो, आणि त्या एका दिवशी समोरासमोरच्या बाकांवरून एकमेकींना असं काही बोलायचो, की आईने ऐकलं असतं तर दोघींच्या थोबाडीत दिली असती. नव्या गटाच्या वेळापत्रकात ब्रूअरला जागा उरली नाही. त्या दिवसापासून मार्लिस माझ्याशी नीट बोलत नाही. “तुम्ही मोठी माणसं झालात, ताई,” म्हणते. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते ‘मोठी माणसं’ मला फार लागलं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, “येत्या नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार रिकामा आहे. ब्रूअरला बोलवा.”

साहेब हसून म्हणाले, “लव्हॉन, अहो, ब्रूअरचा सामना टीव्हीवर बघणार कोण?”

“ब्रूअर बघेल की.”

“म्हणजे किती लोक?”

“सगळे.”

साहेबांनी मला कॉफी पाजली. त्या शनिवारी वाळवंटातल्या एका झाकलेल्या मैदानात, नाव उच्चारता येत नाही अशा टीमशी खेळायचं, असा डेव्हनीसाहेबांचा प्रस्ताव आहे, हे तेव्हा कळलं. उद्या अध्यक्षबाई त्यावर सही करणार आहेत. साहेबांना आता त्याचं सुखदुःख नाही. ते त्याहून उबदार राज्यात, त्याहून मोठ्या विद्यापीठात चालले आहेत. निष्ठा म्हणजे काय, हे त्यांनी आपल्याला आल्यापासून शिकवलं आणि जाताना करूनही दाखवलं. टाळ्या वाजवा, टाळ्या!

असो. आता जेवणाबद्दल. सूप आवडलं ना सगळ्यांना? डेव्हनीसाहेबांनी दोन वाट्या घेतल्या. अध्यक्षबाईंची तिसरी चालू आहे. घ्या, घ्या, सावकाश होऊ द्या.

मैदानाच्या पूर्वेच्या दारापाशी एक दगड आहे. मान्यवरांनी तो पाहिला नसेल, त्यांची गाडी तळघरातून आत येते. आपल्या आजोबांच्या काळात एकदा जिंकलेल्यांनी पुढच्या वर्षी खेळायलाच नकार दिला, तेव्हा दोन्ही गावांनी मिळून त्या दगडावर नियम कोरला. हरेल त्याने लोखंडी हंड्यात घेवड्याचं सूप शिजवायचं, जिंकेल त्याने खायचं आणि हंडा ठेवून घ्यायचा, आणि ज्याने खाल्लं त्याने पुढच्या वेळी ‘खेळत नाही’ म्हणायचं नाही. ही रीत पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोडलेली नाही. शेवटचा सामना आपण जिंकलो, पण साहेब टीमला नव्या गटाची घोषणा करायला थेट विमानतळावर घेऊन गेले. पलीकडच्या बायका शिजवून वाट बघत बसल्या. सूप तसंच राहिलं, आणि खाल्लंच नाही म्हणून आपण नियमातून सुटलो.

हंडा तेव्हापासून खालच्या दालनात काचेच्या कपाटात होता. काल तो आम्ही बाहेर काढला आणि घासला, आणि आजचं सूप त्यातच शिजलं. साहेब, सामन्याच्या दिवशी तुम्ही मैदानावरच्या पाहुण्यांच्या काचेच्या खोलीत वेगळं मागवून जेवत आलात, म्हणून तुम्हाला चव ओळखू आली नाही. समोरच्या गावकऱ्यांनी पहिल्या चमच्यालाच ओळखली, आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. दारात उभ्या आहेत त्या भगिनी आपल्या नव्हेत. ब्रूअरच्या आहेत. ती एप्रन बांधलेली, हसू दाबणारी, ती माझी मार्लिस.

आता चमचा खाली ठेवून उपयोग नाही, अध्यक्षबाई. खाल्ल्या मिठाला जागतात की नाही, एवढंच हे सभागृह बघतं आहे. वाळवंटवाले आपल्याला पैसे देतील, हे मला मान्य आहे. पण हरल्यावर त्यांच्यातलं कुणी आपल्यासाठी घेवडा भिजत घालेल का?

काय म्हणालात, अध्यक्षबाई? जरा मोठ्याने. “किती वाजता?” ऐकलंत ना सगळ्यांनी?

दुपारी एक वाजता. गाईंचं आटोपल्यावर आणि अंधार पडायच्या आत. डेव्हनीसाहेब, कॅमेरा जरूर आणा, पण हातमोजेवाल्याला बाकावर बसवा.

अध्यक्षबाईंचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. लॅथ्रॉपसाहेबांना उबदार हवेत भरपूर आयुष्य लाभो. निरोपाच्या दिवशी जीभ थोडी सैल सुटली. वयाकडे आणि धंद्याकडे बघून पोटात घाला, सूप घातलंत तसं.

आणि मार्लिस, हंडा घासून इथेच ठेव. हवा असेल तर नोव्हेंबरात ये आणि जिंकून ने.