घन खाली ठेवला तो दिवस

माझं माहेर शेवगावाकडचं. तिकडं सगळं उघडंबोडकं, लांबवर बघावं तर बाभळी आनि ढेकळं, आनि लगीन होऊन आले ती इकडं नगरच्याच अकोल्यात, चहूकडं डोंगर, पयल्या पयल्यानं तर मला बाई कोंडल्यावानी व्हायचं. जात आमची लोहाराची. बाप नांगराचे फाळ, विळे, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा करायचा आनि आय घन मारायची. आमच्यात हे असंच हाय, पुरुषानं सांडशीत लोखंड धरायचं आनि हातोडीनं दाखवायचं, बाईनं समूर उभं राहून घन मारायचा. शेरातली मानसं बघत उभी राहत्यात, अगं बाई, बाईमानूस आनि घन! आवो, मग बाप्यानं दोन्हीकडून मारायचा व्हय? मी परकर नेसत हुते तवापासून घन उचलतेय, हे दंड बघा, अजून कुनाला ऐकनार न्हाईत.

घनाची रीत सांगते, म्हंजे पुढचं कळंल तुमाला. लोखंड लाल असलं का ऐरनीवर बोलायचं न्हाई. बोलती ती हातोडी. मालकानं हातोडी जिथं टेकवली तिथं घन पडला पायजे, हळू टेकवली तर हळू, जोरात टेकवली तर जोरात, आनि हातोडी नुसत्या ऐरनीवर वाजली, टन्न करून, का थांबायचं. घनवालीनं आपल्या मनानं थांबायचं न्हाई. लाल लोखंड वाया घालवनं म्हंजे आमच्यात लई वंगाळ, अन्नावर पाय दिल्यावानी. मी लगीन होऊन आले तर आमचे मालक आनि मी दोन शब्द बोललो न्हवतो, पन घन मारताना आमचं बरूबर जमायचं. लाजत हुतो दोघं बी. हातोडीनंच काय ते बोलायचे ते.

मग पुढं जीपा आल्या. नगरला लष्कर हाय ना, तिथं जुन्या जीपा लिलावात काढायचे, लढाईच्या येळच्या, गोऱ्यांनी वापरलेल्या. आमच्या इनूसभाईनं त्यातलीच एक आनली. इनूसभाई म्हंजे वरच्या डोंगरातल्या गावांना मानसं, मीठमिरची, रॉकेल पोचवनारा मानूस. एसटी वर जात न्हवती, रस्ता असला म्हंजे नुसते दगड, पन ती म्हातारी जीप चढायची. तिचं एकच दुखनं, सामान मिळायचं न्हाई. नव्या जीपेचं हिला बसायचं न्हाई, भोकं जमायची न्हाईत, रुंदी जमायची न्हाई. मग इनूसभाई तुटकं सामान घेऊन आमच्या दारात, भाई, ह्याच्यासारखं करून द्या. आमचे मालक आधी नगं म्हनले, मी फाळ करनारा मानूस, मला इंग्रजाची गाडी काय कळतीय. पन केली त्यांनी एक पिन, मग कडी, मग यू बोल्ट, आनि मग कमानीचे पाटे, गाडीचा हादरा झेलनाऱ्या वाकड्या पट्ट्या. ट्रकाचा तुटका पाटा भंगारातून आनायचा, तापवून कापायचा, बारीक करायचा, टोकाला डोळा वळवायचा, पिन बसंल असा. मग त्याला बाक द्यायचा आनि जळक्या ऑइलात बुडवायचा. पान्यात न्हाई चालत, पान्यात टाकला का काचंवानी तडकतो. हळूहळू सगळ्या जीपवाल्यांना म्हाईत झालं का अकोल्यात एक लोहार हाय, इंग्रजाच्या जीपेचं सामान घडवतो.

ह्याच्यात एक गोष्ट लई ध्यानात ठेवायची असती. तुटका पाटा जसाच्या तसा करायचा न्हाई. का, तर तो वर्सानुवर्स वजन खाऊन बसलेला असतो, त्याचा बाक गेलेला असतो. मालक काय करायचे, तुटके तुकडे फरशीवर जोडून ठेवायचे, खडूनं त्याची रेघ मारायचे, आनि त्याच्या वर बोटं ठेवून दुसरी रेघ मारायचे, चढ्या बाकाची. नवा पाटा वरच्या रेघंला जमवायचा. वजन पडलं का तो आपसूक खाली बसतो. मला म्हनायचे, खालची रेघ म्हातारीची आनि वरची तिच्या तरुनपनाची, आपल्याला तरुनपनाची पायजे. असे मिश्कील हुते बरं का, वरून दिसायचे गंभीर.

मग आलं दुष्काळाचं साल. काय सांगू तुमाला. ह्या डोंगरात भात पिकतो, तर त्या साली खाचरात तडे पडले, बैल गेले इकायला, नांगराचा फाळ कोन आनतंय शेवटायला, धार लावायला. खडी फोडायच्या कामावरच्या छिन्न्या आनि जीपा, ह्याच्यावर आमची चूल. माझी मंजी, एकुलती एक पोर माझी, वर डोंगरात दिलेली. पोटुशी हुती. पयलं बाळंतपन म्हायेरी असतं का न्हाई? मी निरोपावर निरोप धाडले, पोरीला पाठवा. सासू म्हनायची पाठवते पाठवते, पुढल्या बाजाराला. खडीच्या कामावर जात हुती ना माझी पोर, तिची मजुरी कोन सोडतंय. बाजारामागून बाजार गेले. मी दर बाजाराला रस्त्यावर जाऊन उभी राहायची, इनूसभाईच्या जीपेतून पोर उतरती का म्हनून, आनि माघारी यायची.

आनि त्या दिवशी सकाळी मंजीचा दीर आला, पळत, डोंगर उतरून, पायाचं पार चिंधाडं झालेलं. मामी, मंजावैनी कालपासून अडलीया, लेकरू आडवं हाय, सुईन म्हनती माझ्या हातची गोष्ट न्हाई, दवाखान्यात न्या. झोळीतून आनाय गेलं तर वाटंतच मरंल, जीप धाडा.  आनि जीप कुठं हुती? आमच्याच दारात हुती वो! म्होरचं चाक काढून दगडावर ठेवलेली, मेन पाटा मधूनच तुटलेला. आदल्या दिवशीच इनूसभाईनं ढकलत आनलेली. दुसरी एक जीप हुती गावात, ती सायबाला घेऊन धरनाकडं गेलेली. मी म्हनलं दोरीनं बांधा, लाकूड लावा, कायबी करा. इनूसभाई म्हनला, भाबी, मेन पाट्यावर तर आख्खा आस धरलेला असतो, तो नसला तर चाक मागं सरकंल, घाटात वळनावर खाली दरी हाय, पोरीला घेऊन खाली जाऊ का?

 मालकांनी भट्टी पेटवली. इनूसभाई स्वता भात्यावर बसला. मी पदर खोचला आनि घन घेतला. पाटा कापला, बारीक केला, डोळा वळवला, भोक पाडलं. मी घन मारत हुते आनि माझ्या डोळ्याम्होरं मंजी दिसत हुती, आये आये करताना, आनि मी घन आनखी जोरात मारायची. मालकांची हातोडी घाई करत हुती. ते मी कधी बघितलं न्हवतं.

मग बाक द्यायची येळ आली. पाटा लालबुंद करून ऐरनीवर घेतला, मालकांनी हातोडी टेकवली, मी घन टाकला, दोनचार टोले झाले, आनि माझं ध्यान फरशीकडं गेलं. फरशीवर एकच रेघ. खालची. म्हातारीची. घाईघाईत, पोरीच्या काळजीत, त्यांनी तुटका पाटा जोडला, रेघ मारली आनि तसंच उठले. एकच रेघ!  तसला पाटा बसवला तर काय हुईल, रिकाम्या जीपेला चालंल, वर बी जाईल, आनि येताना आत मानसं बसली, माझी पोर आत, घाटातल्या दगडावर आपटली का पाटा खचनार, आस वर ठोकनार, आनि मोडला तर तिथंच मोडनार, वळनावर.

मी मालकांकडं बघितलं. ते बघंनात. हातोडी टेकवत्यात, टेकवत्यात. बोलायची तर रीत न्हाई, आनि मी बोलले असते तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, त्यांचं चित्तच तिथं न्हवतं. मी घन खाली ठेवला.

लाल लोखंडावर. आमच्या सात पिढ्यात कुन्या बाईनं केलं नसंल. मालकांनी पाट्यावर हातोडी आपटली, मार म्हनून. मी उभी. पुन्यांदा आपटली. मी उभीच. मग लाल लोखंडावर पयल्यांदा ते बोलले, बोलले कशाचे, वराडले, तुझी पोर मरतीय तिकडं आनि तू उभी हायेस, येड लागलं का तुला? इनूसभाई भाता सोडून आला, भाबी, खुदा के वास्ते. मंजीचा दीर दारात डोक्याला हात लावून बसला.   मी नुसतं बोट केलं, फरशीकडं. आनि त्यांनी बघितलं. लोखंड लालाचं काळं पडत गेलं आनि मालक त्या एका रेघंकडं बघत राहिले. मग खाली बसले, बोटं ठेवली आनि दुसरी रेघ मारली. डोळ्यातनं पानी गळत हुतं, खडूची रेघ वली झाली.

परत तापवायचं म्हंजे येळ जातो वो. परत भाता, परत बाक, मग ऑइलात, मग परत थोडं तापवून कडकपना उतरवायचा, त्याच्यात घाई चालतच न्हाई. उन्हं डोक्यावर आली. पाटा बसवला, चाक लावलं, आनि मी इनूसभाईच्या शेजारी चढून बसले. मालक म्हनले, जा. एवढंच म्हनले.

जीप चढली. एकेक दगडावर माझा जीव वर जायचा आनि खाली यायचा, मी नुसती पाट्याचा आवाज ऐकत हुते, कुरकुर करतोय का, काय करतोय. घरात गेले तर मंजी भुईवर पडलेली, ओठ पांढरे, मला बघून नुसते डोळे हालवले. तिला गोधडीवर घेऊन जीपेत ठेवलं, डोकं माझ्या मांडीवर, सुईन, दीर, नवरा, सगळे आत. उतरताना त्या वळनावर जीप दगडावरून अशी आपटली का आमी सगळे उडालो, आनि इनूसभाई म्हनला, या अल्ला, आनि पाट्यानं धरलं. धरलं वो पाट्यानं. तिथनं मोठ्या दवाखान्यात.

मंजी जगली. लेकरू गेलं. मुलगा हुता. आनि डागदरीन बाईनं सांगितलं, पुन्यांदा लेकरू हुनार न्हाई.

सासू दवाखान्यात सगळ्यांच्या देखत म्हनली, हिच्या आयनं लोखंड गार केलं, न्हाईतर माझा नातू वाचला असता.  मला तरी काय म्हाईत? वाचला बी असता. मी डागदरीन बाईला इचारलं न्हाई, इचारायची छातीच झाली न्हाई. आजबी भात्याम्होरं बसले का मनात येतं, तेवढा येळ, तेवढाच येळ. मालकांनी मला कधी एका शब्दानं टोकलं न्हाई. पन त्या दिवसापासून त्यांची हातोडी बदलली, हळू झाली, दर टोल्याला माझ्याकडं बघायचे. पुढच्याच हिवाळ्यात छातीच्या दुखन्यानं गेले.

जावयानं दुसरी केली. मंजी आली माझ्याकडं. आता मी हातोडी धरते आनि ती घन मारती. पोर बोलत न्हाई जास्त. त्या दिवसाचं तर आमी दोघींनी कधी काढलंच न्हाई. तिच्या मनात काय हाय मला कळायचं न्हाई, ही बी सासूवानीच समजती का काय, ह्या धास्तीत मी दिवस काढले. भाकरी वाढताना सुदिक तिच्या तोंडाकडं बघायची.

परवाची गोष्ट सांगते. इनूसभाईच्या जीपेचा मागचा पाटा करत हुतो. माझे डोळे आता पयल्यासारखे न्हाईत, ध्यान बी राहत न्हाई. पाटा लाल करून ऐरनीवर घेतला, हातोडी टेकवली, एक टोला पडला, दुसरा पडला, आनि तिसरा पडंच ना. वर बघते तर मंजीनं घन खाली ठेवलेला. मी वराडले, अगं मार की, काळं पडतंय. ती म्हनली, आये, एकच रेघ मारलीयास तू. आनि मग म्हनली, पडू दे काळं. तू ठेवला हुतास म्हनून मी घाट उतरले.

मी तिथंच बसले ऐरनीशी, पदर तोंडात घालून. ती आली, माझ्या हातातनं खडू घेतला, बोटं ठेवली आनि वरची रेघ तिनं मारली. म्हनली, ऊठ आता, भाता धर.

घ्या, च्या घ्या, गार झाला. तुमी बी आता वर निघालाय न्हवं, इनूसभाईच्याच जीपेनं? जावा. वळनावर आपटंल ती, आपटू द्या, घाबरू नगा. मंजीच्या रेघंचा पाटा हाय त्यो. देव तुमचं भलं करो, बिनघोर जावा.