यर्टखालचे तंबू

डोळ्यांच्या दवाखान्यात नंबराची वाट बघत पुस्तक वाचत बसलेल्या शिक्षिकेच्या मागच्या बाकावर दोघे भाऊ बोलत होते.

“दादा, यंदा शिबिराला तंबू नकोत. यर्ट घेतलेत.”

“हे काय नवीन खूळ?”

“गोल घरं असतात. लाकडी जाळीच्या भिंती, वरून जाड लोकर. आत ताठ उभं राहता येतं.”

“माझ्या तंबूत काय लोक रांगत होते?”

“तसं नाही रे.”

“आणि मी हातांनी शिवलेले चाळीस तंबू?”

“टाकले नाहीत. यर्टखाली अंथरलेत, ओल चढू नये म्हणून.”

शिक्षिकेचं वाचन केव्हाच थांबलं होतं.

“शिवण खालच्या अंगाला ठेव. तुझ्या पाहुण्यांना टोचेल.”

“दादा…”

“आता डॉक्टर विचारतील, डोळे कशाने गेले. काय सांगू? पायपुसणी शिवून?”