पंधरा मिनिटं धरून ठेवा

अरे ऐक ना, आत्ता काय झालं! वर्षभर माझं पोट बिघडलेलं, म्हणून आतड्यांचा एक्स-रे होता. दोन दिवस उपाशी, वर जुलाबाच्या गोळ्या. आज टेबलावर आडवं करून आतडी फोटोत दिसावीत म्हणून मागून लिटरभर बेरियमचं पाणी भरलं. टेक्निशियन काका म्हणाले, "सोडू नका हां, एकच फोटो राहिलाय."

आणि लाइट गेली! भाईंदरचं लोडशेडिंग!

"काका, इन्व्हर्टर?"

"त्याच्यावर मशीन नाय चालत. पंधरा मिनिटं धरून ठेवा. सोडलंत तर परत दोन दिवस उपास."

संडास चार पावलांवर! पोटात कळा, अंगाला घाम, तरी धरलं. शेवटी लाइट आली आणि काका ओरडले, "आता श्वास रोखा!"

"काका, दोन्ही नाही जमणार!"

खरं सांग, तू काय रोखलं असतंस?