सगळ्यात मागे कोण

नाही, मला सांगा, मागे राहायचं म्हणजे नेमकं किती मागे राहायचं? कारण आम्ही पाच जण एकाच पायवाटेवर मागे राहत होतो, आणि पाच माणसं एकदम मागे राहायला लागली की वाटही बिचारी तिथेच बसते हो. मला घाई नव्हती, हं. तुम्हाला म्हणून सांगते, मला अजिबात घाई नव्हती.

त्याचं असं झालं, आमच्या गल्लीतलं वाचनालय पाडून तिथे गाड्या लावायची जागा करणार आहेत. त्यावर सुनावणी आहे आणि वाचनालयासाठी लढणाऱ्या आमच्या गटातल्या एकालाच बोलू देणार. आता आमच्या घरी एकच खोली, त्यात बाबांचं शिलाई मशीन, ते थांबलं की शेजाऱ्यांचा टीव्ही... पदवीपर्यंतचा सगळा अभ्यास मी त्या वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलावर केलाय. मग कोणी बोलायचं? तुम्हीच सांगा. भाषण माझं कधीचं पाठ आहे. पण नाही, गटाचं ठरलं, आधी नेतृत्व शिबिर. जंगलात, तळ्याकाठी, तंबूत. कोण बोलणार ते तिथे शिबिराचे दादा ठरवणार. आई म्हणाली, "जंगलात चालून पुढारी होतात होय? मग पोस्टमन एव्हाना मंत्री व्हायला हवा होता."

आणि दादा म्हणजे... एक शब्द टाकतात आणि तो जमिनीला टेकेपर्यंत थांबतात. "मित्रांनो... खरा नेता... पुढे चालत नाही... तो सगळ्यांच्या... मागून चालतो." वाक्य संपेपर्यंत माझा चहा गार. मला घाई नव्हती, पण चहाला असते ना. मग म्हणाले, "उद्या सकाळी... तळ्याला वळसा घालून... पलीकडे या. मी तिथून... बघेन."

बघेन म्हणाले. झालं, संपलं.

सकाळी निघालो. पहिल्याच वळणावर मुद्द्याच्या बुटाची नाडी सुटली. मुद्दा म्हणजे आमच्यातला तो, प्रत्येक बैठकीत "माझा एक मुद्दा आहे" म्हणणारा. तो वाकला तशी मोर्चात पुढे ओरडणाऱ्या आमच्या घोषणाचीही नाडी सुटली. आता घोषणाच्या पायात चपला होत्या, पण सुटली म्हणजे सुटली. बाकीचे दोघे एका पानाचं निरीक्षण करायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच." "छे, तू हो." "अगं, तू हो." "माझा एक मुद्दा आहे, दोघीही व्हा." एकमेकांच्या हातातला माईक ओढणारी माणसं आम्ही, आणि तिथे कोण सौजन्य!

मग काय झालं सांगू का... इतकं हळू चालायची सवयच नसते आपल्याला. पाण्यावरचं धुकं कुणीतरी अलगद पांघरूण ओढावं तसं सरकत होतं. एक कोळ्याचं जाळं थेंबांनी इतकं जड झालेलं की वाटलं, आता खाली येईल, पण येत नव्हतं. मी एका दगडावर बसले, निव्वळ मागे राहण्यासाठी, बरं का. आणि पाण्यातला उजेड हळूहळू वाचनालयाच्या खिडकीतला उजेड झाला. सुनावणीचे साहेब लोक टेबलांवर वाचत बसलेले, ग्रंथपाल बाई आवाज न करता खुर्च्या सरकवताहेत. मी बोलायला उभी राहिले, पण वाचनालयात मोठ्याने कसं बोलणार? म्हणून कुजबुजले. आणि सगळ्यांना ऐकू गेलं... शेवटच्या बाकापर्यंत.

डोळे उघडले तर वाटेवर कोणी नाही. पुढे सगळे, मागे कोणी नाही. म्हणजे मी जिंकले होते! आता ही गोष्ट कुणाला तरी सांगायला नको? मला घाई नव्हती, पण पाय सुटलेच. घोषणाला ओलांडलं, त्या दोघांना ओलांडलं, मुद्द्याला ओलांडलं, प्रत्येकाला सांगत, "मी सगळ्यात मागे आहे, मी सगळ्यात मागे आहे." आणि थेट दादांसमोर.

"या," दादा म्हणाले. "पहिल्या... आलात."

बाकीचे आले. दादांनी विचारलं, "सगळे... आले?" आम्ही म्हटलं, आले. अगदी एका सुरात.

बऱ्याच वेळाने झाडीतून उशी उगवली. उशी म्हणजे आमच्यातली सहावी, जंगलात स्वतःची उशी घेऊन आलेली. ती तंबूत झोपून राहिली होती आणि कुणी मागे राहू नये म्हणून मागे राहणाऱ्या आम्हा पाच जणांपैकी एकालाही ती आठवली नव्हती. एका काखेत उशी, दुसऱ्या काखेत मुद्द्याचं जॅकेट, गळ्यात घोषणाची बाटली, खांद्यावर माझा टॉवेल. म्हणाली, "शेकोटी तशीच सोडून आलात ना? विझवून आले."

दादा नुसते तिच्याकडे बघत राहिले. आमच्या गटात सगळं एकमताने होतं. सुनावणीत तिनेच बोलायचं म्हणून पाच हात वर गेले. त्यातला एक माझा होता, मी पाहिला ना.

ती म्हणते, "पण मला बोलायचं काय तेच माहीत नाही." मग परतीच्या वाटेवर मी तिला माझं भाषण सांगितलं. हळूहळू, खिडकीपासून शेवटच्या बाकापर्यंत. ती रडली. म्हटलं, चला, वाचेल वाचनालय.

फक्त सुनावणी सकाळची आहे, आणि तिला उठवायचं काम गटाने एकमताने माझ्यावर टाकलंय.