पोटातलं मिठागर

गोदू : "काही नाही" म्हणजे काहीच नाही, बा! डॉक्टर कशाला लपवतील?

तुळशीराम : तुला काय ठावं! शेजारच्या आनंदाच्या बापालाबी "काय नाय"च बोललेले. शिमग्याआधी त्याचा बारावा जेवलो आमी.

सखूबाई : कसलं अभद्र बोलता तिन्हीसांजेला!

तुळशीराम : म्हनूनच बोलतो. आज सोयरीक आननारा दाजी येनार, त्याच्याहाती पोराकडच्या पाव्हन्यांना होकार कलवायचा. माझ्या डोल्यांदेखत पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू दे.

गोदू : आणि माझी मॅट्रिक?

तुळशीराम : बाप जगला तर मॅट्रिक, गो बाय! पोटात फोड हाय माझ्या. जेवलो का जलतंय, आंबट पानी गल्याशी येतंय.

गोदू : अरे, तो फोड बघायलाच मुंबईला नेलं ना? पांढरं पाणी पाजून फोटो काढला. फोड असता तर दिसला असता. नाहीच तो! पोटातला आंबट रस तुला जाळतो, तेवढा कमी करायचा. म्हणून ती औषधाची बाटली. घेतोस ना?

सखूबाई : घेतात कसले! कोनाड्यात हाय. कोल्यानं जालं विनलंय तिच्यावर.

तुळशीराम : फोडच नाय तर दवा कशाला?

गोदू : आत्ता तर म्हणालास, फोड आहे!

सखूबाई : घ्या! पोरीनं धरला बापाला.

तुळशीराम : तू गप. अगो, तो बाटलीतला चुना पिऊन काय व्हनार?

गोदू : ऐक. आमच्या बाईंनी शिकवलंय. पोटातला रस म्हणजे आम्ल. बाटलीतलं औषध त्याच्या उलट. दोघं भेटले की दोघांचा जोर जातो. मग काय उरतं, सांग?

तुळशीराम : मी काय तुज्या वर्गात बसतो?

गोदू : लवण आणि पाणी!

तुळशीराम : लवन म्हंजे?

गोदू : मीठ, बा! खायचं नव्हे, पण एका जातीचं मीठच.

तुळशीराम : मीठ? माझ्या पोटात?

सखूबाई : अगो बाय! दिवसभर आगरात मीठ, घरी आल्यावर पोटात मीठ. बांध घाला आता पोटाला, नायतर भरतीचं पानी शिरंल!

तुळशीराम : हसू नको गो... मीठ नि पानी. मंग जलनार कशानं? जल्म गेला मिठात उभं ऱ्हाऊन. पाय फाटले, पन मिठानं कदी दगा दिला नाय. आन ती बाटली हिकडं.

गोदू : आधी हलवायची. हं, आता पी. आणि रिकाम्या पोटी बिडी बंद!

(तुळशीराम औषध पितो. पंच्यानं तोंड पुसतो.)

गोदू : कसं वाटतंय?

तुळशीराम : खडू खाल्ल्यावानी.

गोदू : जळजळ रे!

तुळशीराम : ...बसली वाटतं जरा.

सखूबाई : बांधावर कंदील दिसतोय. दाजीभावजीच ते. च्या टाकते.

तुळशीराम : मला नको च्या.

गोदू : बा... काय सांगणार त्यांना? होकार?

तुळशीराम : आगरातलं कच्चं मीठ कोन उचलत नाय, येवढंच. दाजीबी मिठातलाच हाय. समजंल त्याला.